सबमिशनची लग्नपत्रिका

बाबा, आज वर्गात एका मुलीने मला विचारलं, "मॅडम, पत्रिकेत नावं कुणाची टाकू?" आणि मी तिच्यावर खेकसले. बिचारीची काही चूक नव्हती. दुसऱ्या वर्षाची पोर, कॉम्प्युटरवर लग्नपत्रिकेचं डिझाईन करत होती, आणि तो प्रोजेक्ट मीच दिलेला. "कुणाचीही टाक, पण स्वतःचं टाकू नकोस," असं मी इतक्या जोरात म्हटलं की सगळा वर्ग मान वर करून बघायला लागला. मग मी डोकं दुखतंय सांगून बाहेर पडले, पनवेलहून पेणची एसटी धरली आणि घरी येऊन हे लिहायला बसले. तुला जाऊन तीस वर्षं उलटली. तू होतास तेव्हाही मी तुला धड पत्र असं लिहिलं नाही, हॉस्टेलवरून नुसतं "शनिवारी येते" एवढं कार्ड टाकायचे. तुला अरे-तुरे करते म्हणून कॉलेजातल्या मुली तेव्हा हसायच्या. हसेनात का. पेणजवळच्या आपल्या खारेपाटात बापाला "अहो" म्हटलं तर बाप मागे वळून बघेल, कोण पाव्हणा आलाय म्हणून.

मी मुंबईला नक्की काय शिकते हे तुला कधी नीट कळलं नाही, आणि मी कधी नीट सांगितलंही नाही. पहिल्या वर्षी नुसते ठिपके आणि रेषा, दुसऱ्या वर्षी अक्षरं, मग काड्यापेटीवरचं चित्र, दात घासा म्हणून पोस्टर, साबणाचं वेष्टन. मार्क पडून परत आलेले कागद मी घरी आणून टाकायचे आणि तू ते गादीखाली सपाट ठेवायचास. कुणी आलं की गादी उचलून एकेक दाखवायचास, "ही दातांची. ही आगपेटीची. ही अजून व्हायची हाय." मिठागरातून आल्यावर तू हात दोनदा धुवायचास, पंच्याला पुसायचास, तरी कागद बोटांच्या चिमटीतच धरायचास. तुझ्या बोटांना मिठाने इतक्या चिरा पडलेल्या असायच्या की कागदाची कडा त्यात अडकायची. साबणाचं वेष्टन मी केलं तेव्हा साबणाला एक नाव मनाने दिलं होतं. पुढच्या शनिवारी मी आले तर तू जरा रागातच होतास. पेणच्या बाजारात तीन दुकानांत जाऊन तू तो साबण मागितला होतास. "नाय म्हनतात! आमच्या पोरीनं चितारलाय म्हनलं, तरी नाय म्हनतात." मी पोट धरून हसले होते. मग समजावलं, बाबा, असा साबण नसतोच, आम्ही नुसतं शिकायला करतो. तू म्हणालास, "मग लिवायचं कशाला, जे नाय ते?" आज माझ्याकडे पंधरा वर्षांची नोकरी आहे, पोरांना मी हेच शिकवते, जे नाही ते लिहायला.

आणि तुझी ती फळी! मला प्रवेश मिळाला तेव्हा तू धरमतरला होड्या बांधणाऱ्या सुताराकडून ड्रॉईंग बोर्ड करून आणलास. अस्सल सागवान, होडीच्या फळीतून कापलेला, माशाच्या तेलाचा वास मारणारा. इतरांचे बोर्ड काखेत मावायचे. माझा उचलला की खांदा निखळायचा. मला त्याची लाज वाटायची, आणि मी तो एसटीत सीटखाली सरकवून द्यायचे. पण त्या बोर्डाने चार पावसाळे मुंबईच्या दमट हवेत काढले आणि कधी वाकला नाही, हे सांगायचं राहिलं.

तिसऱ्या वर्षी आम्हाला लग्नपत्रिकेचा विषय आला. सर म्हणाले, खरी वाटली पाहिजे. कुळं, गावं, तिथी, मुहूर्त, मांडवाचा पत्ता, सगळं हवं, आणि अक्षर हाताने. समास मात्र पांढरेशुभ्र ठेवायचे. सगळे एकमेकांची नावं टाकत होते, कुणी नटनट्यांचं लग्न लावत होतं. मी माझंच नाव टाकलं. तुझं टाकलं, "श्री." लावून. आईचं टाकलं, तिच्या आधी "कै." लावून. मांडव रोह्याला आत्याच्या अंगणात घातला, कारण मोठं अंगण म्हणजे मला तेवढंच माहीत. मुहूर्त हॉस्टेलच्या भिंतीवरच्या कालनिर्णयात बघून टाकला, महिन्याभरावरचा. आणि नवऱ्याच्या जागी वर्गातल्या एका मुलाचं नाव घातलं. त्याला विचारून घातलं. तो म्हणाला, "घाल की. माझ्या नावात काना-मात्रा कमी, तुझा वेळ वाचेल." घाटावरचा मुलगा, शांत, रंगांच्या बाटल्या धुऊन ओळीने लावून ठेवणारा. माझी बाटली राहिली तर तीही धुवायचा. दहा दिवस बसून मी ती पत्रिका केली. पांढऱ्या, जाड आयव्हरी कागदाला घडी घालून आत अक्षरं लिहिली होती, आणि वर एक बारीक वेल होती. सोमवारी सबमिशन होतं. शनिवारी ती दोन पुठ्ठ्यांत घालून सुतळीने बांधली आणि घरी आले.

रविवारी सकाळी मी उशिरा उठायचे. तेवढ्या वेळात तू माझ्या आठवड्याच्या कागदांची सुतळी सोडून बघायचास आणि पुन्हा बांधून ठेवायचास, हे मला ठाऊक होतं. त्या रविवारी मी उठले तर तू घरात नव्हतास. पुठ्ठे जागेवर होते, पण सुतळीची गाठ तुझी होती, होडीला मारतात तशी. सोडून बघितलं तर आत काही नाही. देवाच्या फळीवर पान-सुपारी ठेवलेली, कुंकवाचा करंडा उघडा, आणि फळीवर ओल्या कुंकवाचं एक बोट उमटलेलं. मी तशीच ओट्यावर धावले. शेजारची काकी भाकरी थापता थापता हसली. "काय गो, आम्हाला सांगायचं पन नाय? बाबूस तुझा रोह्याला गेलाय, धुतलेला सदरा घालून, नारळ घेऊन. पेढे कवा?"

मग मला सगळं कळलं. तू चौथी शिकलेला. खिडकीशी उभा राहून, ओठ हलवत, एकेक अक्षर लावून तू ती पत्रिका वाचली असणार. माझं नाव, मग तुझं, मग आईचं. आपल्या घरच्या कालनिर्णयात तू तारीख शोधलीस. तिथल्या मुहूर्ताला तू पेन्सिलने गोल केलेला मी नंतर बघितला. साबण दुकानात नसतो हे तुला पटलं होतं. पण लग्न? आपल्याकडे पत्रिकेवर कुणी खोटं लिहितं का? तुला वाटलं, पोरीने परस्पर ठरवलं, छापखान्यातून नमुना आणला, आणि बापाला सांगायची तिची हिंमत होत नाही. आणि त्यात आत्याचं नाव कुठेच नाही! मांडव तिच्या अंगणात आणि निमंत्रकांत ती नाही! पत्रिकेत नाव राहिलं म्हणून आपल्याकडे दोन-दोन पिढ्या एकमेकांच्या दारात जात नाहीत. बाकीच्या पत्रिका छापून होण्याआधी थोरल्या बहिणीची समजूत काढायला हवी, म्हणून तू मला न उठवता पहिली गाडी धरलीस.

मी एसटी पकडली. नागोठण्याला बस अर्धा तास खोळंबली, भिसे खिंडीत एक ट्रक आडवा होता, आणि मी सगळा रस्ता दातओठ खात होते. डोक्यात एकच, उद्या सबमिशन. खोटं कशाला बोलू बाबा, तुझा विचार माझ्या मनात आलाच नाही. आत्याच्या दारात पोचले तेव्हा तू झोपाळ्यावर बसून तांब्याने पाणी पीत होतास. आत्या चुलीपुढे, डोळे लाल झालेले. मला वाटलं धुराने. पत्रिका तिच्या देवापुढे. चारही कोपऱ्यांना कुंकू, त्याला लागून हळद, वर अक्षता, आणि घडीवर नारळाच्या पाण्याचा डाग. कुंकू लावल्याशिवाय पत्रिका घराबाहेर पडत नाही, हे मलाही माहीत आहे. पण माझे पांढरे समास! मी ओरडले, "लग्न कसलं? हे माझं कॉलेजचं काम आहे! उद्या द्यायचंय! दहा दिवस मेले मी यावर!" तू उभा राहिलास. तांब्या हातातच. "म्हनजे लगीन नाय?" "नाही! कितीदा सांगायचं, आम्ही खोटंच करतो! तुला कळत नाही तर हात कशाला लावतोस?"

आत्या म्हणाली, "हलू बोल गो. बाप हाय तुझा." मी हळू बोलले नाही. मी पत्रिका उचलली, अक्षता झटकल्या. तू खाली वाकून त्या एकेक वेचायला लागलास, अक्षता पायाखाली येऊ नयेत म्हणून. मी उभीच होते. वाकून दोन दाणे वेचले असते तर काय बिघडलं असतं माझं? उचलली जीभ लावली टाळ्याला, आणि वरून वाकायलाही नको. त्या दिवसाचं माझं तोंड आठवलं की अजून मला माझी किळस येते.

संध्याकाळच्या गाडीने आपण परत निघालो. रोह्याची रेल्वे तेव्हा नवीनच होती, तुला तिचं केवढं कौतुक, पण त्या दिवशी तू खिडकीही धरली नाहीस. निडीला गाडी थांबली ती थांबलीच, समोरून मालगाडी यायची होती. डब्यात आपण दोघं, आणि पलीकडे झोपलेला एक म्हातारा. बाहेर भाताची कापणी झालेली, नुसती खुंटं उभी. मग तू विचारलंस, "पोरगा हाय का पन?"

"कोण पोरगा?"

"नाव लिवलंस तो."

"नाय बाबा. नाव मनानं बनवलं."

"त्याच्या बापाचं नाव पन बनवलं?"

"व्हय."

"गाव पन?"

"व्हय म्हटलं ना."

"बरं," तू म्हणालास. मालगाडी आली, डबे मोजावेत इतकी हळू गेली. मग तू खिडकीबाहेर बघत म्हणालास, "अक्षर मात्र त्याच्या नावाचं बेस काढलंस. तुझ्या नावापरीस बेस."

सोमवारी मी पत्रिका तशीच दिली, दुसरा इलाज नव्हता. ब्लेडने खरवडली असती तर भोक पडलं असतं. सरांनी ती हातात घेतली, कुंकवाकडे बघत राहिले, आणि म्हणाले, "वा! हे सुचलं कसं तुला? पत्रिका घरात गेल्यावर कशी दिसते, ते दाखवलंस." वर्गात सगळ्यांत जास्त मार्क. मी "थँक्यू सर" म्हटलं. बाबांनी लावलं असं मी म्हटलं नाही. ती पत्रिका वार्षिक प्रदर्शनात भिंतीवर लागली. प्रदर्शनात तो मुलगा माझ्या शेजारी येऊन उभा राहिला, आणि त्याने मात्र ओळखलं. "कुंकू कुणी लावलं?" "बाबांनी." "त्यांना खरं वाटलं?" मी हसले, "छे रे, काहीतरीच." तो बराच वेळ तिथेच उभा होता. त्याला काहीतरी बोलायचं होतं, किंवा मी काहीतरी बोलावं असं वाटत होतं. मी दुसऱ्या कुणाच्या पोस्टरकडे बघायला गेले. पुढच्या वर्षी शिक्षण संपलं, तो नोकरीला बडोद्याला गेला, आणि दोन वर्षांनी त्याची पत्रिका आली, छापील, कुंकू लावलेली, पोस्टाने. मी गेले नाही.

त्या रविवारनंतर तू माझ्या कागदांना हात लावला नाहीस. मी सोडून दाखवले तर दोन्ही हात पाठीमागे बांधून, वाकून बघायचास. "धर की बाबा," मी म्हणायचे. "नको, बघतोय की," तू म्हणायचास. मी मुंबईत जाहिरातीच्या कंपनीत लागले, माझी जाहिरात वर्तमानपत्रात आली, तो कागद काही माझा नव्हता, रद्दीत जायचं साधं वर्तमानपत्र. तरी तू ते ओट्यावर पसरून, हात मागे ठेवून वाचलंस. चार वर्षांनी तू गेलास. छातीत कळ आली, मिठागराच्या बांधावर बसलास, आणि संपलं. मी पोचले तेव्हा लोक माझी वाट बघत थांबले होते.

तुझ्या तेराव्याला सगळे गेल्यावर आत्या माझ्याजवळ बसली. ती म्हणाली, तुला एक सांगायचं हाय, पोटात ठेवून मरायचं नाय मला. त्या रविवारी तू तिच्या दारात आलास तेव्हा तिने पाणी दिलं. तू घेतलं नाहीस. "बाय," तू म्हणालास, "पोरगा आपल्यातला नाय. घाटावरचा हाय. पोरीनं मना सांगितलं नाय, म्हनजे भ्याली असंल. लोक बोलतील. तू माझ्या बाजूनं उभी रहानार असशील तर पानी पितो, नायतर असाच जातो." आत्या चिडली, रडली, आईबापांचं नाव काढलं, पोर हाताबाहेर गेली म्हणाली. तू झोपाळ्यावर तसाच बसून राहिलास, उन्हातून आलेला, दोन तास, पाण्याला न शिवता. शेवटी तीच म्हणाली, "बरं, व्हय. येईन मी. पी आता." आणि मग तू तांब्या तोंडाला लावलास. "तवाच तू दारात येऊन ओरडलीस गो," आत्या म्हणाली. तीही आता नाही.

म्हणजे मी मागायच्या आत तू दिलेलं होतंस. माझ्यासाठी तू तुझ्या थोरल्या बहिणीशी, सगळ्या भावकीशी भांडायला निघालास, आणि ते नुसतं एका कागदावर विश्वास ठेवून. निडीच्या गाडीत तू मला विचारलंस ते उगाच नव्हतं. तुझी तयारी झाली होती. मी नुसतं "व्हय बाबा, आहे एक," एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. मुलाला विचारायचं पुढे बघितलं असतं. तो नाही म्हणाला असता तर नाही. पण मला भीती वाटली, की तू हसशील, किंवा चिडशील, किंवा घरीच बसवशील. तुला ओळखून होते मी वीस वर्षं, आणि काही ओळखलं नव्हतं. लग्न मी पुढे केलं नाही. दोन-तीन स्थळं आली, मी मोडली, मग यायची थांबली. पेणला दोन खोल्या आहेत. विद्यार्थ्यांच्या लग्नाच्या पत्रिका येतात, आत छापलेलं असतं "सहकुटुंब सहपरिवार", मी एकटी जाते, जेवते, आहेर देते, येते. आता तर पत्रिका फोनवरच येतात. त्यांना कुंकू लावायचा प्रश्नच नाही. बरं चाललंय माझं, पण रविवार मोठा वाटतो. फार मोठा वाटतो बाबा.

उद्या त्या मुलीला बोलावून सॉरी म्हणायचं आहे. ज्याचं घालावंसं वाटतं त्याचं नाव घाल, असं सांगेन म्हणते, बघू तोंडून निघतं का. हे कागद पाकिटात घालण्यात अर्थ नाही, पत्ता काय लिहू? फाडणारही नाही. फक्त निडीला मी जे बोलले ते खोटं होतं, एवढं तरी एकदा लिहून ठेवते. मुलगा होता. आणि अक्षर कसं बेस आलं तेही सांगते, कारण तुला सोडून कुणाच्या ते लक्षात आलं नाही. पत्रिकेतली बाकीची सगळी नावं मी एकदाच लिहिली, बाबा. त्याचंही सरावाच्या पहिल्याच कागदावर नीट आलं होतं. पुढचे अकरा कागद मी ते नुसतं लिहीत बसले होते.